आत्ता तिकडं किती वाजले

हडपसरला भाजी मंडईच्या मागं आमचा कट्टा आहे. सगळे रिटायर ड्रायव्हर. मी परदेशातनं आलो त्या दिवशीच त्यांनी धरलं, "काय काय बघितलं रे?"

मी म्हणलं, "समुद्र बघितला, पडकी देवळं बघितली आणि घोरपडी बघितल्या. घोरपडी जास्त होत्या."

एक जण म्हणाला, "एवढ्या लांब जाऊन घोरपडी? आधी बोलला असतास तर इथंच कॅनॉलच्या कडेला दाखवल्या असत्या. पासपोर्ट लागला नसता."

सगळे हसले, चहा आला, विषय संपला. ही माझी जुनी युक्ती आहे. माणसाला हसवलं की तो पुढचं विचारत नाही. पुढचं जे राहिलं ते इथं सांगतो. सांगतो म्हणजे मोबाईलसमोर बोलतोय आणि मोबाईल लिहून घेतोय. मी शाळा तिसरीत सोडली. खरं म्हणजे शाळेनंच मला सोडलं, मी तर जातच नव्हतो.

आमचं घर आधी गावाच्या कडेला होतं. मग आम्ही तिथंच राहिलो आणि गाव पुढं निघून गेलं. उसाच्या जागी काचेच्या कंपन्या उभ्या राहिल्या. त्यातल्या एका कंपनीची स्टाफची बस माझ्या हातात आली. सकाळी पोरं-पोरी गोळा करायची, गेटवर ओतायची, संध्याकाळी परत भरायची. वीस वर्षं केलं. काचेच्या आत काय चालतं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. बाहेर बस रिव्हर्स कशी लावायची तेवढं कळलं.

आमची पोरगी एकुलती. तिला इंजिनिअर तिच्या आईनं केलं. माझं काम फॉर्मवर सही करायचं, ती पण अशी की मॅडम विचारायच्या, "अंगठा आहे का सही?" पोरगी शिकली आणि नेमकी माझ्याच बसच्या कंपनीत लागली. आदल्या दिवशी मी तिला बजावलं, "हे बघ, बसमध्ये मला ओळख दाखवू नको. पोरं तुला ड्रायव्हरची पोरगी म्हणतील." ती बरं म्हणाली. दुसऱ्या दिवशी चढली, पुढच्या सीटवर बसली आणि अख्ख्या बसला ऐकू जाईल असं म्हणाली, "पप्पा, एसी वाढवा की जरा." त्या दिवसापासून सगळी बस मला पप्पा म्हणायला लागली. पन्नास पोरांचा बाप झालो एका फेरीत.

दोन वर्षांनी तिला कंपनीनं अमेरिकेला पाठवलं. तिकडंच लग्न केलं, तिकडंच राहिली. ती गेली तेव्हा मी एका दोस्त ड्रायव्हरला विचारलं होतं, तिकडचा टाइम कसा काढायचा? तो म्हणाला, "एकदम सोपं. आपला दिवस, त्यांची रात्र. आकडा तोच, फक्त उलटा. आपले सकाळचे नऊ तर त्यांचे रात्रीचे नऊ." हे मला फार आवडलं. माझ्या डोक्यात बसणारं होतं, म्हणून बसलं. खरं का खोटं तपासायची पाळी कधी आली नाही, कारण फोन नेहमी तीच करायची. दर रविवारी सकाळी.

मागच्या पावसाळ्यात बायको गेली. नऊ दिवस हॉस्पिटलात होती. आधी ताप, मग छातीत पाणी, मग श्वास. दुसऱ्याच दिवशी मला म्हणाली, "तिला कळवू नका. तिचे कागद चाललेत तिकडं. पळत येईल आणि परत जाता नाही आलं तर? मी चार दिवसांत घरी येते." मला पण पटलं. आमच्या गल्लीत ज्यांची पोरं बाहेर आहेत त्या सगळ्या घरांत हेच चालतं. रविवारच्या फोनवर सगळे ठणठणीत असतात. ज्याचा पाय प्लास्टरमध्ये आहे तो सुद्धा आत्ताच फिरून आल्यासारखा बोलतो.

मधला रविवार आला तेव्हा मी अंघोळीला घरी आलो होतो. फोन वाजला. व्हिडिओ होता. पोरगी म्हणाली, "आई कुठंय?" मी मान वळवली आणि रिकाम्या स्वयंपाकघराकडं बघून ओरडलो, "अगं, ऐकतेस का? फोन आलाय पोरीचा!" मग फोनकडं तोंड करून म्हणलं, "येत नाही ती. हात कणकेत आहेत. तुझ्यापेक्षा कणीक महत्त्वाची झाली बघ." पोरगी हसली. माझा हा आयुष्यातला सगळ्यात चांगला जोक. इतका चांगला जमला की तिला काहीच कळलं नाही.

नवव्या दिवशी संध्याकाळी सहा वाजता बायकोनं तोंडावरचा मास्क बाजूला केला आणि म्हणाली, "अहो, तिला फोन लावा."

समोर भिंतीवर घड्याळ होतं. मी बघितलं, सहा. म्हणजे तिकडं पहाटेचे सहा. मी म्हणलं, "झोपली असेल गं ती."

बायको म्हणाली, "मग झोपू द्या. उठली की लावा."

सात वाजता डॉक्टरांनी नळी घातली. त्यानंतर ती बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गेली.

नळी घातल्यावर पुतण्यानं मला न विचारता पोरीला फोन केला होता. ती मिळेल त्या विमानानं निघाली, पण पोचली तेव्हा सगळं उरकलं होतं. घरात आली, बॅग खाली ठेवली नाही, आणि मला विचारलं, "आईनं माझं नाव काढलं का?"

मी म्हणलं, "नाही गं. शुद्धीवरच नव्हती शेवटी."

तेव्हा मला वाटलं मी तिच्यासाठी खोटं बोलतोय. उगीच जिवाला लावून घेईल म्हणून. पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहारातली माणसं घरी आली, भंतेजींनी वंदना घेतली, जेवणं झाली. मग कुणीतरी पोरीला विचारलं, "तुला कधी कळलं?" ती म्हणाली, "मी ऑफिसात होते. सकाळचे दहा वाजले होते." मी पत्रावळ्या उचलत होतो. पुतण्यानं फोन केला तेव्हा आपल्याकडं साडेसात. मग तिकडं पण साडेसातच पाहिजेत. दहा कसे? पुतण्याला कोपऱ्यात घेतलं. त्यानं मोबाईलमध्ये दाखवलं. साडेनऊ तासांचा फरक. थंडीत साडेदहा, कारण ती लोकं थंडीत घड्याळ मागं सरकवतात, कुणाच्या बापाला विचारून माहीत नाही.

म्हणजे आपले सहा तेव्हा तिचे सकाळचे साडेआठ. साडेआठला कोण झोपतं?

पत्रावळ्या माझ्या हातातच होत्या. मला रडू आलं नाही. बायको गेली तेव्हाही आलं नव्हतं. बायका आपसात म्हणायच्या, मनात साठवतोय बिचारा. साठवायला आत काही असायला लागतं. माझं तोंड चालू होतं आणि आत बंद होतं, जशी गिअर न टाकता रेस दिलेली गाडी. आवाज भरपूर, जागेवरच.

पोरीला मी ते सांगितलं नाही. ती परत गेली. जाताना नीट पाया पडली. आईनं आपल्याला विचारलं नाही, ही गोष्ट ती बरोबर घेऊन गेली, आणि मी ती तिला घेऊन जाऊ दिली.

थंडीत तिनं मला अमेरिकेला बोलावलं. जावई चांगला आहे, कमी बोलतो, दिवसभर कानात ते लावून भिंतीशी बोलत असतो. पोरगी मला वेळेवर जेवायला वाढायची, गोळ्या द्यायची, गरम कपडे आणले. भांडण नव्हतं. हॉटेलात नाही का विचारत, अजून काही हवंय का, तसं चाललं होतं. आधी ती माझ्या एकेका थापेवर दोन सुनवायची. आता मी जोक केला की "हं" म्हणायची.

मग एक दिवस म्हणाली, "पप्पा, तुम्हाला ऊन लागायला हवं. चार दिवस मेक्सिकोला जाऊ. समुद्र आहे, आणि जवळ जुने अवशेष आहेत, माया लोकांचे." जावयाला रजा नव्हती. आम्ही दोघंच गेलो.

हॉटेल समुद्राच्या काठाला. दारातच एका पोरीनं हसत हसत माझ्या मनगटाला प्लास्टिकची पट्टी बांधली. खट्ट आवाज झाला. ती एकदा बसली की कात्रीशिवाय निघत नाही. ही पट्टी दाखवली की दिवसभर काय वाट्टेल ते खा, प्या. मी त्या पट्टीकडं बघत राहिलो. तशीच होती. हॉस्पिटलात बायकोच्या हाताला होती ती पांढरी, तिच्यावर नाव लिहिलेलं. ही निळी. बायकोची मीच कापली होती, शेवटी.

मी म्हणलं, "मला काय ॲडमिट केलं का?"

पोरगी म्हणाली, "हं." तिनं ती पांढरी पट्टी बघितलीच नव्हती. तिला काय कळणार.

पहिला दिवस समुद्रावर गेला. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून मी खुर्चीत बसलो. पाणी असं निळं होतं की कुणीतरी मुद्दाम केलंय असं वाटावं. चांगलं आहे, हे मला कळत होतं. दुसऱ्याच्या घरातला टीव्ही खिडकीतनं दिसावा तसं दिसत होतं. जेवायला काळा राजमा आणि मक्याची भाकरी. भाकरी एवढीशी, आपल्याकडं एखाद्या सुनेनं अशी केली तर सासू माहेरी पाठवेल. दोन खाल्ल्या. पोरीनं विचारलं, "आवडलं?" मी म्हणलं, "हो." ती समुद्राकडं बघत बसली, मी पट्टी चोळत बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी अवशेष बघायला छोटी गाडी आली. मी सवयीनं ड्रायव्हरच्या बाजूला बसलो आणि सवयीनंच माणसं मोजली. आमच्या दोघांना धरून अकरा. ड्रायव्हर बरा होता, पण गतिरोधक आला की शेवटच्या क्षणाला ब्रेक मारायचा. दोन-तीनदा माझा उजवा पाय आपोआप खाली दाबला गेला. त्यानं ते बघितलं आणि हातानं स्टीअरिंग फिरवल्यासारखं करून मला विचारलं, तू पण? मी मान हलवली. तोपर्यंत तिथं माझं जे काही नीट बोलणं झालं ते एवढंच.

गाईड माझ्याच वयाचा. बुटका, सावळा, पोट थोडं पुढं, डोक्यावर टोपी. आमच्या दोघांना शेजारी उभं केलं तर चुलतभाऊ म्हणून खपलो असतो. खपलोच. तिकीट काढून आत जातोय तोच एक गोरी बाई माझ्याकडं आली आणि काहीतरी विचारलं. मला एकच शब्द कळला, टॉयलेट. पाटी मला समोर दिसत होती, म्हणून मी ड्रायव्हरकीच्या रुबाबात हात करून दाखवलं, सरळ, मग डावीकडं. ती थँक्यू म्हणून गेली आणि तिच्या मागनं आणखी चार जणी गेल्या. गाईड हे बघत होता. त्यानं आपली टोपी काढली आणि माझ्या डोक्यावर ठेवली. सगळे हसले. पोरगी पण किंचित हसली. मी बघितलं ते.

जागा अशी. तीन बाजूंनी दगडाची जाड भिंत, चौथ्या बाजूला समुद्र. आत गवत, आणि गवतात दगडी देवळं, काही उभी, काही नुसते चौथरे. कड्यावर एक मोठं देऊळ, पायऱ्यांचं, आणि त्याच्या खाली ते निळं पाणी. प्रत्येक दगडावर एक घोरपड. घोरपडीसारखीच काहीतरी, पण घोरपडच म्हणतो. हलायची नाही. ऊन खात नुसती बसलेली. मला वाटलं, आपलं पण असंच चाललंय.

गाईड इंग्लिशमध्ये सांगायचा, पोरगी मला मराठीत सांगायची. कुणीतरी विचारलं, "हे माया लोक मग गेले कुठं?" गाईडनं छातीवर हात ठेवला. पोरीनं सांगितलं, "तो म्हणतोय, सगळे हेच विचारतात. कुठं गेलो नाही. माझी आजी हीच भाषा बोलायची, मी पण बोलतो. त्या हॉटेलांत खोल्या झाडणारे आम्हीच आहोत. तुम्ही आल्यापासून आमच्याशीच बोलताय."

मला तो आवडला. आवडला म्हणजे काय, हडपसरचं जुनं गाव कुठं गेलं असं विचारणारी पोरं माझ्या बसमध्ये पण बसायची, आणि विचारायची मलाच.

बायको असती तर तिला हे फार पटलं असतं. दर वर्षी आम्ही लेण्यांना जायचो, विहारातल्या लोकांबरोबर, माझीच बस घेऊन. ती खांबाला हात लावून म्हणायची, "बघा, आपल्या माणसांनी काय करून ठेवलंय." मी म्हणायचो, "तुझ्या माहेरच्यांनी केलं असेल. आमच्यातल्या कुणाला एवढी चिकाटी नाही." ती म्हणायची, "ते दिसतंयच." हा जोक आम्ही वीस वर्षं केला, दर वर्षी त्याच खांबापाशी. इथं पण एक खांब आला. मी हात लावला आणि बाजूला तोंड वळवलं. बाजूला पोरगी होती. ती खांबाकडं बघत नव्हती, माझ्याकडं बघत होती. मी हात काढून घेतला.

मग एका देवळाच्या भिंतीतलं छोटं भोक त्यानं दाखवलं, खिडकीसारखं. वर्षात ठरलेल्या दिवशी उगवता सूर्य नेमका त्या भोकातनं आत येतो, म्हणाला. ही लोकं सूर्याचा, चंद्राचा, शुक्राचा हिशोब ठेवायची, शेकडो वर्षांचा, एका दिवसाची चूक न करता. यंत्र नाही, घड्याळ नाही. टिंब आणि रेघ, आणि शून्याला शिंपल्याचं चिन्ह. पोरगी म्हणाली, "शून्य यांनी स्वतःचं स्वतः शोधलं, पप्पा." मी म्हणलं, "शून्य मला पण येतं. मला तेवढंच येतं." तिनं तेही इंग्लिशमध्ये सांगितलं. गाईड हसला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून मला काहीतरी विचारलं.

पोरगी म्हणाली, "तो विचारतोय, तुमच्या गावाला आत्ता किती वाजले असतील?"

मोठ्या देवळाची सावली पायऱ्यांवर पडली होती. पोरीच्या घड्याळात दहा वाजले होते. माझ्या तोंडातनं निघून गेलं, "रात्रीचे दहा."

"साडेआठ," पोरगी म्हणाली. "रात्रीचे साडेआठ, पप्पा. दहा कुठून काढले?"

पुण्यानुमोदनाच्या दिवसापासून मला खरा फरक माहीत होता. तरी तोंडात जुनंच आलं. मी म्हणलं, "आकडा तोच ना. फक्त उलटा."

"म्हणजे? बारा तास? तुम्ही इतकी वर्षं बारा तास धरत होता?"

ती हसायला लागली. आई गेल्यापासून पहिल्यांदा नीट हसली, अगदी लहानपणीसारखं. इथं मी पण हसलो असतो तर विषय संपला असता. मला ते येतं, आयुष्यभर तेच केलंय. मी तोंड उघडलं ते त्याच्यासाठीच. आणि म्हणालो, "तुझ्या आईनं तुझं नाव काढलं होतं."

ती थांबली.

"शुद्धीवर होती. संध्याकाळी सहाला म्हणाली, तिला फोन लावा. मी हिशोब केला. म्हणलं, तिकडं पहाटेचे सहा, झोपली असेल."

पोरगी कॉम्प्युटरची इंजिनिअर. पण तिनं बोटांवर तास मोजले, एक एक करून.

"साडेआठ," ती म्हणाली.

"हो."

"मी उठलेली होते पप्पा. साडेआठला मी डबा भरते. फोन ओट्यावरच असतो."

"हो."

"तुम्हाला कधीपासून माहितीये?"

"कार्यक्रमाच्या दिवसापासून."

"आणि मला सांगितलं, ती शुद्धीवर नव्हती."

"ते त्याच्या आधी सांगितलं. मग बदललं नाही."

"का?"

मी विचार केला. खरं तेच बोललो, "मला हिशोब येत नाही हे तुला कळलं असतं."

"ते मला पहिलीत असल्यापासून माहितीये," ती म्हणाली. आवाज तिच्या आईचा. मग म्हणाली, "काय म्हणाली ती? जसंच्या तसं सांगा. तुमचं काही घालू नका त्यात."

मी सांगितलं. पहिलं वाक्य, मग माझं, मग तिचं शेवटचं. मग झोपू द्या. उठली की लावा. एवढंच होतं. सांगायला किती वेळ लागतो. ते सांगायला मी पाच महिने घेतले आणि समुद्र ओलांडला.

ती वळली आणि चालत भिंतीपर्यंत गेली, जिथं कुणी नव्हतं. तिथं दगडावर बसली, आमच्याकडं पाठ करून. शेजारच्या दगडावर घोरपड होती. ती पण हलली नाही. मी मागं गेलो नाही. जाऊन काय करणार होतो, जोक?

गाईडला मराठी येत नव्हतं, पण त्याला सगळं कळलं असावं. त्यानं बाकीच्यांना पुढं नेलं. जाताना मला पाण्याची बाटली दिली. त्याची टोपी अजून माझ्याच डोक्यावर होती. त्यामुळं आणखी दोघांनी येऊन मला टॉयलेट विचारलं. मी दाखवलं.

निघायची वेळ झाली. गाडीत बसलो, माणसं मोजली. दहा. मी ड्रायव्हरला तळहात दाखवला, थांब. त्यानं इंजिन बंद केलं. बसचं काम केलेल्या माणसाला हे कळतं, एक कमी असली तर गाडी हलत नाही. मागं एक जण घड्याळ बघून कुरकुरायला लागला. ड्रायव्हरनं आरशातनं त्याच्याकडं नुसतं बघितलं. अर्धा तास गेला असेल. पोरगी आली. डोळे लाल, नाक लाल. सगळ्यांना सॉरी म्हणाली आणि बरोबर माझ्या मागच्या सीटवर बसली.

गाडी हलल्यावर बऱ्याच वेळानं मागनं म्हणाली, "ती पट्टी काय सारखी चोळताय? टोचतीये?"

मी म्हणलं, "नाही. आईला पण अशीच होती. हॉस्पिटलात."

"कुठंय ती?"

"कापली मी. घरी आहे. कपाटात, तिच्या चष्म्याच्या डबीत."

"मला द्या ती," ती म्हणाली.

हॉटेलवर आल्यावर तिनं काउंटरवरनं कात्री मागितली आणि माझी पट्टी कापून टाकली. काउंटरवरची पोरगी घाबरली, म्हणाली, पट्टीशिवाय जेवण मिळणार नाही. आमची म्हणाली, आम्ही बाहेर जेवू. बाहेर जेवलो. परत मक्याचीच भाकरी. ती एकदा रडली, मध्येच, घास तोंडात असताना. मी नाही. मी पाण्याचा ग्लास तिच्याकडं सरकवला. तिनं मला माफ केलं का, ते मी विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही. उरलेले दोन दिवस ती माझ्यावर चिडचिड करत होती, चप्पल कुठं काढली, औषध का नाही घेतलं, टोपी परत का नाही दिली त्या माणसाची. "अजून काही हवंय का" हे तिनं परत विचारलं नाही.

टोपी खरंच राहिली माझ्याकडं. आत्ता इथं खिळ्याला आहे.

चष्म्याची डबी मी आल्या आठवड्यात पाठवली. पुतण्यानं पत्ता लिहिला. माझ्या हातचा लिहिला असता तर डबी सोलापूरला गेली असती.

रविवारचा फोन आता नसतो. रोज असतो. आपले संध्याकाळचे सहा वाजले की वाजतो, तिकडं साडेसात असोत का साडेआठ, ते तिचं ती बघते. मी त्या वेळेला ओट्यापाशी असतो, भाजीला फोडणी घालत. फोडणी पाच मिनिटं आधी घातली तर चालते, पण मी घालत नाही. फोनवर आमचं फार बोलणं होत नाही. कधी तिला उशीर झालेला असतो, कधी माझा कुकर वाजतो.

ती म्हणते, "पप्पा, उठले."

मी म्हणतो, "बरं."